धानाची शेवटची पाळी: झाडीपट्टीतल्या एका तलावाचं प्रकरण

गावाचं नाव दिलेलं नाही. माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले. लोकांच्या तोंडी ते 'मामा तलाव'. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उताराची नजर लावून पाळी, म्हणजे मातीचे बांध, टाकल्या, तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. आपलं गाव त्यामानाने किरकोळ. एक तलाव, त्याखाली साधारण साठ हेक्टर बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेतं, आणि एकशेऐंशीच्या आसपास घरं.

घरांची मांडणी पाण्याला धरून आहे. पाळीच्या पायथ्याशी कोहळ्यांचा मोहल्ला, जुन्या पाटलांचा वाडा आणि मारुतीचं देऊळ. तलावाच्या वरच्या अंगाला मासेमारी करणाऱ्या ढिवरांची पस्तीसेक कुटुंबं. खाली उताराच्या टोकाला बौद्धांची वस्ती, आणि त्याच्या पलीकडे गोंडांची दहा-बारा घरं. बांध्यांचंही तसंच. तलावालगतच्या जुन्या, पाझर लागणाऱ्या बांध्या बहुतेक कोहळ्यांच्या. मधल्या पट्ट्यात कुणबी आणि काही पोवार. शेवटच्या बांध्या बौद्ध आणि गोंड कुटुंबांच्या. पाणी वरून खाली जातं आणि गावातला मानपानही साधारण त्याच दिशेने जातो. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण सभेत सतरंजीवर कोण कुठे बसतो ते पाहिलं की कळतं.

इथे पाऊस कमी नाही. वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. धानाला ऑक्टोबरात एक पाणी लागतं, तेव्हा आभाळ कोरडं असतं. तलाव त्या एका पाण्यासाठी बांधलेले आहेत. मृगात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे, जुलैत रोवणी करायची, पोळ्यापर्यंत निंदण संपवायचं आणि मग निसवणीच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, वेळेला तुडूम उघडायचं, हा क्रम. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून नहरात पाणी सोडण्याची वाट.

गावाचं सामाजिक वेळापत्रकही धानावर चालतं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, रात्री नाटक होतं. वडसा म्हणजे देसाईगंजहून नाटक कंपनी ठरवायची तर सुपारी आधी द्यावी लागते आणि वर्गणी धानाच्या भरवशावर लिहिली जाते. 'कापनी झाली का देतो' असं म्हणून अर्धं गाव वहीवर अंगठा ठेवतं. धान बुडालं तर त्या वहीची पंचाईत होते.

मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत ओलित करणारे तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजाराच्या काळात गाळ काढणं, पाळीवर माती टाकणं हे काम रयतेकडून करून घेतलं जाई. त्यात वेठ होती, जुलूम होता, पण तलाव खोल राहात होता. नंतर हे काम सगळ्यांचं झालं, म्हणजे कोणाचंच नाही. सत्तर वर्षांचा गाळ तुडुमाच्या तळापर्यंत चढला. पूर्वी तुडूम कोरडं पडलं तरी खाली डोहात पाणी उरायचं, मासोळी त्यात उन्हाळा काढायची. आता तुडुमाच्या खाली चिखल आणि बेशरमाची झुडपं. म्हणजे मासोळीला जगायला जे पाणी हवं, तेच धानाच्या वाट्याचं. खरी गाठ इथे आहे. त्या ऑक्टोबरात झालेलं भांडण हे तिचं टोक होतं.

प्रश्न

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, रोवणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबली आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाने पाठ फिरवली. सांडवा एकदाही वाहिला नाही. घटस्थापनेच्या सुमारास उंचावरच्या बांध्यांना भेगा पडू लागल्या.

गावात धान दोन तऱ्हेचं होतं. काहींनी हलकं धान लावलेलं, एकशेवीस दिवसांच्या आतबाहेर येणारं. ते पिवळं पडून कापणीला आलेलं. बहुतेकांनी मात्र भारी धान घेतलेलं, म्हणजे एचएमटी आणि त्याच्या जातकुळीतलं बारीक धान. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं हे वाण या पट्ट्यात असं रुजलं की बाजारात बारीक तांदूळ म्हणजे एचएमटी असंच समीकरण झालं. भाव चांगला, भात चांगला, फक्त दिवस जास्त. उशिरा रोवलेलं हे धान ऑक्टोबरच्या मध्याला नुकतं निसवत होतं. निसवणीला आणि दूध भरताना पाणी तुटलं की लोंबी उभी राहते, दाणा पोचट. कृषी सहायकाने स्पष्ट सांगितलं होतं की दहा दिवसांत एक पाणी मिळालं नाही तर भारी धानाचा भरवसा नाही.

ढिवरांच्या मच्छीमार संस्थेने तलाव ठेक्याने घेतलेला. ऑगस्टात रोहू, कतला, मृगळचं बीज सोडलं होतं. बीज उसनवारीवर आणलेलं. ते विकण्याजोगं व्हायला मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर तलावात किमान हातभर पाणी राहिलं पाहिजे. मागच्या दोन वर्षांत तुडूम उघडलं ते उघडंच राहिलं होतं, आणि जानेवारीत बोटाएवढे मासे बादलीने काढून विकावे लागले होते.

पहिली बैठक देवळासमोर रात्री झाली आणि फिसकटली. मागणी एकच होती, पूर्ण पाणी सोडा. ढिवर मोहल्ल्यातली माणसं कडेला उभी होती. संस्थेचा अध्यक्ष बोलायला लागला तर कोणीतरी म्हणालं, 'तुमाले काय, मासोळी पुढच्या साली टाका.' एका म्हातारीने मागून उत्तर दिलं: 'तुमचा धान वाचते, आमची मासोळी मरते. अन् तो धान कापाले बी आमीच येतो ना काकाजी?' त्यावर कोणी हसलं, आणि बैठक उठली.

त्याच रात्री कोणीतरी तुडूम उघडलं. पहाटे मासे धरायला आलेल्या ढिवर पोरांनी नहर वाहताना पाहिली आणि झडप फिरवून बंद केली. पुढच्या रात्री ढिवरांची पंधरा-वीस माणसं पाळीवर शेकोटी करून बसली. पोलीस पाटलाने तालुक्याला फोन करायचा की नाही यावर एक दिवस घालवला. माझ्या मते तो त्याने बरोबर घालवला, कारण एकदा तक्रार लिहिली गेली असती तर मंडईच काय, पुढच्या वर्षीची रोवणीही झाली नसती.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग कागदाचा होता. ठेक्याच्या करारात सिंचनाला प्राधान्य असं लिहिलेलं होतं. जिल्हा परिषदेच्या उपविभागाला अर्ज केला असता तर पाणी सोडण्याचा आदेश मिळाला असता आणि ढिवरांना काही म्हणता आलं नसतं. सरपंचबाईंनी करार आणून वाचला. वरच्या बांध्यांवाल्यांना तेवढंच हवं होतं. पण मधल्या पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याने साधा प्रश्न विचारला की कापायला कोण येणार. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी दिलेल्या बांधीत हार्वेस्टर उतरत नाही, चाकं रुततात. भारी धान हातानेच कापावं लागणार होतं, आणि गावात कापणीचे दोन गट, दोन्ही ढिवर बायांचे. कराराच्या कागदात हे कुठेच नव्हतं, पण तो कागद मागे पडला तो याच प्रश्नामुळे.

दुसरा पर्याय मोटारींचा. तलावातून थेट डिझेल इंजिन लावून ज्याने त्याने आपापलं पाणी न्यावं. यात इंजिन असणारे चार-पाच जण वाचले असते. शेवटच्या बांध्यांपर्यंत पाईप कोणाकडेच नव्हता. हा पर्याय सर्वांत मोठ्याने मांडणारा माणूस तलावाच्या पोटात अतिक्रमण करून हरभरा घेणारा होता, हे ढिवरांनी लगेच ओळखलं. पाणी लवकर उतरलं तर त्याची पेरणी लवकर होणार होती. त्याची ओलिताखाली जेमतेम एकच बांधी. दुसऱ्या बैठकीत पोलीस पाटलाने एक नियम घातला की बोलणाऱ्याने आधी आपली बांधी कुठे आहे ते सांगायचं. या नियमाने अर्धा गलका आपोआप थांबला. असा नियम मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तिसरा पर्याय ढिवरांनी ठेवला. हातभर पाणी सोडून बाकीचं घ्या, पण मोजून घ्या. याला कोणाचा तात्त्विक विरोध नव्हता, अविश्वास होता. 'पानी सोडाले हरकत नाही, बंद कोन करन?' हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. झडपेचा आटा गंजलेला होता. बंद केली तरी खालून धार चालूच राहायची.

चौथी गोष्ट पर्याय म्हणून कोणी मांडली नाही, पण ती सगळ्यांच्या मनात होती. काहीच न करणं आणि पावसाची वाट पाहणं. दिवाळीच्या आधी एखादं अवकाळी येतंच, असं दोन-तीन जुनी माणसं म्हणत राहिली. या आशेत पाच दिवस गेले.

काय केलं

दुसरी बैठक दिवसा आणि पाळीवरच घेतली. ही सूचना सरपंचबाईंची. देवळासमोर ढिवर बाया फारशा बोलत नाहीत, पाळीवर बोलतात, असं त्या म्हणाल्या. खरंही तेच झालं.

आधी पाणी मोजलं. एका पोराने हिरवा वेळू आणला. त्यावर बांगडीसारखे पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले, पट्ट्यांमधलं अंतर एक वीत. मधे बोटांच्या खुणा चाकूने पाडल्या. छातीएवढ्या पाण्यात उतरून तो तुडुमाच्या शेजारी असा ठोकला की खालचा पहिला पट्टा तुडुमाच्या तळाशी यावा. पाणी सव्वातीन वितांवर होतं, म्हणजे एकोणचाळीस बोटं. मग झडप चोवीस तास पूर्ण उघडून पाहिली. पाणी तीन बोटं उतरलं. तेवढं पाणी गेलं ते सरळ वरच्या बांध्यांत, त्यामुळे तो दिवस हिशेबात धरायचा की नाही यावर पुन्हा वाद. शेवटी धरला.

हिशेब असा झाला: ढिवरांनी मागितलेल्या हातभराऐवजी एक वीत, म्हणजे बारा बोटं, मासोळीसाठी राखायची. सत्तावीस बोटं धानाला. दिवसाला तीन बोटं, म्हणजे नऊ दिवस. हलक्या धानाला पाणी द्यायचं नाही, कारण ते कापणीला आलेलं. भारी धानाला बांधी ओली होऊन वर दोन बोटं पाणी चढेल इतकंच. भरून ठेवायचं नाही. कृषी सहायकाने इथे मदत केली. दाणा भरताना बांधीत पाणी तुंबवून ठेवलं आणि वर युरिया जास्त पडलेला असला की तुडतुडा या किडीचं फावतं, हे त्याने सांगितल्यावर वरचे शेतकरी जरा मऊ झाले. तुडतुड्याने जळालेला धानाचा गोल ठिगळ सगळ्यांनी पाहिलेला आहे.

अवघड निर्णय पुढचा होता. पाणी कोणाला आधी? रिवाज वरून खाली. शेतचारी नावालाच आहे, पाणी बांधीतून बांधीत जातं आणि वरचा भरल्याशिवाय खालच्याला मिळत नाही. दोन वर्षं शेवटच्या बांध्यांना ऑक्टोबरात थेंब पोचला नव्हता. बौद्ध वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षकाने मागणी केली की या वेळी टोकापासून सुरुवात करा. वरच्या बांध्यांना पाळीचा पाझर लागतोच, त्या चार दिवस थांबू शकतात. ढिवरांनी याला लगेच पाठिंबा दिला. त्यांचा हिशेब वेगळा होता. टोकाच्यांना आधी मिळालं तर शेवटी 'आमच्याकडे पोचलंच नाही, आणखी सोडा' असं म्हणायला कोणी उरत नाही. दोन मोहल्ल्यांची ही जोड गावाने आधी पाहिली नव्हती. कोहळी मोहल्ल्यातल्या एका वयस्कर शेतकऱ्याने, ज्याचा शब्द तिथे चालतो, बराच वेळ जमिनीकडे पाहून 'होऊ द्या' म्हटलं. त्याने का मान्य केलं ते मी नंतर विचारलं. 'पानकर ठेवा असं मीच म्हनलो होतो दहा वर्साखाली, कोनी आयकलं नाही,' एवढंच तो म्हणाला.

पाणकर म्हणजे बांध्यांना पाणी वाटून देणारा गावचा माणूस. पूर्वी तो असायचा, त्याला खळ्यावर धान मिळायचं. मधे ही पद्धत बंद पडली. आता दोघे नेमले, एक टोकाच्या वस्तीतला, एक ढिवर. झडप फिरवायची ती दोघांनी मिळूनच. मेहनताना एकरी ठरावीक पायली धान, कापणीनंतर.

टोकाला आधी पाणी न्यायचं तर वाट पाहिजे होती. उभ्या भारी धानातून पाणी नेलं तर ते तिथेच मुरणार. पण मधेमधे हलक्या धानाच्या अकराएक बांध्या होत्या, त्यातल्या काही कापलेल्या, कडपा, म्हणजे कापलेलं धान, पडलेल्या. त्यांची सांगड घातली तर नहरेपासून टोकापर्यंत जवळपास सलग पट्टा मिळत होता. त्या पाच शेतकऱ्यांना दोन दिवसांत कडपा उचलून धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, रचायला सांगितलं. धुरे फोडून पाणी काढलं, नंतर ते गावाने बांधून द्यायचे असं ठरलं.

इथे एक गोष्ट सुटली. त्या बांध्यांत लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकलेली होती. उभ्या धानात, कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, ओलीवर लाखोरी किंवा जवस टाकायचा ही उतेऱ्याची पद्धत. धान कापलं की खाली हिरवा कोंब दिसतो. पाच शेतकऱ्यांपैकी तिघांनी सांगितलं की पाणी चार दिवस वाहिलं तर लाखोरी सडेल. सभेने 'बियाणं देऊ' असं तोंडी म्हटलं. किती, कोण, केव्हा हे लिहिलं नाही. धानाच्या गडबडीत लाखोरी कोणाला फार मोठी वाटली नाही. ती मुळात गरिबाच्या डाळीची गोष्ट.

पाण्याला सुरुवात झाली. झडपेखालची गळती दुसऱ्याच दिवशी ढिवर पोरांनी बुडी मारून चिंध्या, गवत आणि मातीने कोंबली, म्हणजे बंद केल्यावर ती खरंच बंद होईल. ते हे दरवर्षी करतात असं तेव्हा गावाला कळलं. चार दिवसांत टोकाच्या बांध्या ओल्या झाल्या. पाचव्या दिवसापासून मधला पट्टा. दोनदा रात्री वरच्या अंगाला धुरा फुटला. एकदा खेकड्याने, एकदा फावड्याने. दुसऱ्या वेळी पाणकरांनी आरडाओरडा न करता धुरा बांधला आणि सकाळी त्या घरी जाऊन चहा घेतला. चहाच्या वेळी काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण पुन्हा धुरा फुटला नाही.

सातव्या दिवसापासून हिशेब चुकायला लागला. पाणी दिवसाला तीन नव्हे, चार बोटं उतरत होतं. संस्थेतल्या एका म्हाताऱ्या ढिवराने हे बैठकीतच सांगितलं होतं. तलाव परातीसारखा आहे, खाली घेर लहान होतो, तेवढ्याच पाण्याला पातळी जास्त पडणार. तेव्हा त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. आठव्या दिवशी संध्याकाळी वेळूवर तेरा बोटं उरली होती आणि वरच्या नऊ-दहा बांध्या बाकी होत्या. ठरल्याप्रमाणे बारा बोटांवर बंद करायचं तर त्या बांध्यांना पाणी नाही. नियम पाळला तर ज्यांनी टोकाला आधी पाणी जाऊ दिलं त्यांनाच शिक्षा होत होती.

पाळीवर पुन्हा माणसं जमली, या वेळी कमी. ढिवरांनी सकाळपर्यंत उघडं ठेवायला संमती दिली. बदल्यात काय, असं विचारल्यावर संस्थेच्या अध्यक्षाने दोन गोष्टी मागितल्या. अतिक्रमणवाल्याचं इंजिन तलावात लागू द्यायचं नाही, आणि उन्हाळ्यात गाळ काढायचा ठराव घ्यायचा. दोन्ही मान्य झाल्या. सकाळी झडप बंद होईपर्यंत दुपार झाली. वेळूवर नऊ बोटं होती.

निष्पत्ती

भारी धान बहुतांशी वाचलं. टोकाच्या बांध्यांचं धान दोन वर्षांच्या खंडानंतर खरेदी केंद्रावर गेलं. उंचावरच्या, जिथे तलावाचं पाणी कधीच चढत नाही, त्या बांध्यांत लोंब्या पोचट निघाल्या. त्यांच्यासाठी या सगळ्या निर्णयाचा काही उपयोग नव्हता. वरच्या बांध्यांना शेवटच्या रात्री मिळालेलं पाणी पुरलं.

कापणीला दोन्ही गट आले. मजुरीचा दर त्या वर्षी बायांनी वाढवून मागितला आणि फारशी घासाघीस न होता मिळाला. मंडई भरली, नाटक झालं. वर्गणीच्या वहीत पहिल्यांदाच मच्छीमार संस्थेचं नाव स्वतंत्र ओळीत होतं.

मासोळीचं गणित अर्धवट जमलं. नऊ बोटं पाणी आणि खालचा चिखल एवढ्यावर फेब्रुवारीपर्यंत निभावलं. मार्चच्या सुरुवातीला पाणी तापायला लागल्यावर संस्थेने जाळं टाकलं, वेळेच्या आधीच. मासे लहान निघाले, भाव कमी मिळाला. बीजाची उसनवारी फिटली, वर थोडं उरलं. आधीच्या दोन वर्षांपेक्षा बरं, आणि ठरलेली बारा बोटं राहिली असती त्यापेक्षा वाईट. तीन बोटांचा तोटा ढिवरांनी सोसला. त्याची भरपाई द्यावी असं ग्रामसभेत कोणी बोललं नाही, ढिवरही नाहीत.

तिघांची लाखोरी सडली. बियाणं मिळालं ते डिसेंबरात, तेव्हा ओल गेलेली होती. त्यातल्या एकाने पुढच्या वर्षी आपल्या बांधीतून पाणी नेऊ देणार नाही असं सांगून टाकलं आहे. त्याची बांधी नेमकी वाटेच्या मधोमध आहे.

अतिक्रमण तसंच आहे. इंजिन मात्र लागलं नाही.

गाळ उन्हाळ्यात निघाला, २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून. यंत्र आलं, ट्रॅक्टर लागले, ज्याला हवा त्याने गाळ बांधीत नेला. पण यंत्रवाल्याला सोयीचं तिथे, पाळीच्या जवळ, चौकोनी उभ्या कडांचा खड्डा झाला. ढिवर बायांनी जाऊन सांगितलं की काठाचा उतार राहू द्या. गाद, चिला, देवधान अशा पाणवनस्पती उथळ उतारावर वाढतात. मरळ, वाघूर, बोटरी यांसारखी गावरान मासोळी त्याच्यातच अंडी घालते. बीज विकत आणावं लागत नाही ती हीच मासोळी, आणि घरच्या कालवणात तीच येते. यंत्र तासाच्या भाड्यावर होतं. उतार कोरायला जास्त तास लागतात, त्याची मंजुरी नव्हती. डोह झाला, पण काठ गेला.

वेगळं काय करता आलं असतं

पाणी मोजलं गेलं ते भांडण पेटल्यावर. वेळू पोळ्याला ठोकला असता तर सप्टेंबरच्या अखेरीलाच कळलं असतं की सांडवा वाहणार नाही आणि पाण्याची पाळी एकच मिळणार. तेव्हा मन शांत असतं, धान हिरवं असतं. त्या पाच वाया गेलेल्या दिवसांत पाणी सोडलं असतं तर आटलेलं आणि गळतीचं पाणीही वाचलं असतं. पण खरा निर्णय त्याही आधी, पऱ्हे टाकताना झालेला होता. रोवणी लांबणार हे जुलैच्या मध्याला दिसत होतं, तरी बहुतेकांनी भारी धानच रोवलं, कारण पऱ्हे त्याचेच तयार होते. टोकाच्या आणि उंचावरच्या बांध्यांत हलकं, वरच्या पाझराच्या बांध्यांत भारी, अशी विभागणी जुनी माणसं करत. ती पुन्हा करायची तर बियाण्याची खरेदी मे महिन्यात एकत्र बसून ठरवावी लागेल. बारीक धानाला दर जास्त असताना हे कोणाच्या गळी उतरवणं सोपं नाही, आणि टोकाच्यांनीच कायम हलकं घ्यावं हे तरी कोणत्या न्यायाने?

लाखोरीची वाट चुकली, ती लिहून न ठेवल्यामुळे. पाच शेतकऱ्यांना आधीच, त्याच पाळीवर, बांधीमागे ठरावीक धान देतो असं कबूल केलं असतं तर गावाला फार जड गेलं नसतं. पाणकराच्या पायलीसारखीच ही पायली. त्यांच्या बांधीतून गावाचं पाणी गेलं आणि त्यांना फुकटचा उपकार करायला लावला गेला.

म्हाताऱ्या ढिवराचं न ऐकणं ही दुसरी ठळक चूक. तलावाचं पोट कसं आहे हे जाळं ओढणाऱ्याइतकं कोणाला माहीत नसतं. त्याच्या सांगण्यानुसार शेवटचे तीन दिवस चार बोटं धरली असती तर आठ दिवसांचं नियोजन झालं असतं, आणि टोकाला चारऐवजी तीन दिवस दिले असते तर वरच्या बांध्यांसाठी बारा बोटांखाली जायची वेळ आली नसती. मला इथे एक शंका आहेच. टोकाच्या बांध्या इतक्या सुकल्या होत्या की तीन दिवसांत त्या भिजल्या असत्या का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्था काढून हे सगळं कायमचं बसवता येईल असं एका बैठकीत सुचवलं गेलं. संस्थेत मतं जमीनधारकांची. ढिवरांच्या पस्तीस घरांपैकी ओलिताखाली बांधी असलेली घरं दोन-तीन. तेव्हा अशी संस्था झाली तर ढिवरांना आत कसं घ्यायचं, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. सध्या तो प्रस्ताव बाजूला आहे.

पुढच्या हंगामात पाऊस चांगला झाला, सांडवा वाहिला आणि तुडुमावरून कोणी भांडलं नाही. वेळू कुजून पडला होता, त्याच्या जागी ग्रामपंचायतीने सिमेंटच्या खांबावर पट्टे रंगवून घेतले आहेत. पट्ट्यांमधलं अंतर आता फुटात आहे. झडपेचा आटा बदललेला नाही. दोघा पाणकरांपैकी एकाला ठरलेलं धान पूर्ण मिळालं, दुसऱ्याचे, म्हणजे ढिवर पाणकराचे, वरच्या मोहल्ल्यातल्या चार घरांकडून अजून येणं आहे.